रामराज रोडवरचा वाडीतल्या बायकांचा रानभाजी स्टॉल: काय घ्यावं, कधी जावं आणि अर्धं वर्ष तो बंद का असतो

अलिबागवरून रोह्याला आतल्या रोडने जाताना रामराज मागे टाकलं की एका वळणावर झाडाखाली पाच-सहा बायका टोपल्या मांडून बसलेल्या दिसतात, तोच हा स्टॉल. बोर्ड नाही, नाव नाही, मॅपवर शोधलं तर काही सापडत नाही, त्यामुळे बरेच जण गाडी तशीच पुढे काढतात आणि अलिबागच्या मार्केटमध्ये जाऊन तीच भाजी दीडपट-दुप्पट पैसे देऊन घेतात, तीही सकाळपासून पोत्यात कोंबलेली. या बायका जवळच्याच कातकरवाडीतल्या, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीतल्या. मी त्यांच्याकडून गेली बरीच वर्षं भाजी घेतेय आणि आमच्या घरातला पावसाळा बराचसा त्यांच्या टोपल्यांवर चालतो, म्हणून नीट सविस्तर लिहिते, कारण नुसतं "फ्रेश असतं, नक्की जा" एवढ्याने कोणाला काही कळणार नाही.

आधी शेवळं, कारण लोक मुख्य त्यासाठीच विचारतात. मे संपत आला, एक-दोन वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून शेवळाचे कोंब वर येतात आणि मिरग लागून पाऊस जोरात सुरू झाला की सिझन खलास, म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवडे. बाजारात मिळणारी शेवळं बहुतेक वेळा उमललेली, टोकं काळी पडलेली असतात. इथे मिट्ट बंद कोंब मिळतात, देठ कडक, वरचं जांभळट आवरण घट्ट गुंडाळलेलं. जुडीबरोबर मूठभर काकडं न मागता देतात, काकडं म्हणजे ती छोटी हिरवी आंबट फळं, त्यांचा रस पडल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. शहरात शेवळं विकणारे काकडं देत नाहीत, मग लोक चिंचेवर भागवतात आणि घसा खवखवला की भाजीला शिव्या देतात. पहिल्यांदा घेत असाल तर त्यांनाच विचारा, साफ कशी करायची ते बसल्या जागी करून दाखवतात, वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. आमच्याकडे सोडे (सुकी कोळंबी) घालून करतात, काही घरी खिमा घालतात, शाकाहारी असाल तर वाल किंवा चणाडाळ घाला. मी विचारलं होतं की एवढं काढता तर पुढच्या वर्षी कसं येतं, तर म्हणाल्या गड्ड्याला हात लावत नाही, नुसता कोंब वरून मोडतो. दरवर्षी त्याच त्याच जागी मिळतात म्हणजे खरंच तसं करत असणार.

पाऊस लागला की माल बदलतो आणि दर पंधरवड्याला वेगळा असतो. आधी टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा या पालेभाज्या. टाकळा कोवळा असतानाच घ्या, पानं मोठी झाली की उग्र लागतो. भारंगीची पानं कडू असतात, उकडून पाणी पिळून टाकायचं आणि कडव्या वालाबरोबर करायची, ती ज्याला जमली त्याला दुसरी भाजी लागत नाही. मग बांबूचे कोंब, ते सोलून कापलेले पण मिळतात, पण मी अख्खे घेते, घरी चिरून रात्रभर पाण्यात ठेवते. जुलै-ऑगस्टमध्ये करटोली, छोटी काटेरी गच्च हिरवी, बाजारात लागवडीची मोठी करटोली येतात तशी नाहीत, बी कोवळं, नुसत्या तेल-मीठ-मिरचीवर होतात. श्रावणात नशीब असेल तर अळंबी. अळंबीच्या बाबतीत एकच सांगते, ती या बायकांकडूनच घ्या, स्वतः रानात जाऊन उपटून आणू नका. कुठली खायची कुठली विषारी हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं आणि जरा शंका आली तर त्या टोपलीतून काढून फेकतात, हे मी बघितलंय.

मासे-खेकडे रोज नसतात. पहिल्या पावसात वळगणीचे (धारेविरुद्ध ओढ्यात वर चढणारे) मासे येतात तेव्हा वाडीतले पुरुष आणि पोरं रात्री ओढ्यावर जातात आणि सकाळी मुठे (ओढ्यातले खेकडे) पण आणतात, काळेभोर, पाय बांधून माळेत ओवलेले. सहाची माळ यंदा मी २०० ला घेतली. रस्सा करायचा असेल तर मुठेच घ्या, खाडीच्या चिंबोरीत मांस जास्त पण रश्शाला ती चव नाही (हे माझं मत, आमच्याच घरात यावरून दोन पार्ट्या आहेत).

रेटबद्दल. वजनकाटा नाही, सगळं जुडीवर किंवा वाट्यावर. पालेभाजीचा वाटा २०, शेवळाची जुडी ४० च्या आसपास, करटोली वाट्याला ५०, सिझनच्या सुरुवातीला थोडं जास्त. वाटा म्हणजे मुठीचा अंदाज, त्यामुळे एखादीचा मोठा एखादीचा लहान, बघून घ्या. आणि प्लीज घासाघीस करू नका. मी समोर बघितलंय, मोठ्या गाडीतून उतरलेली माणसं ४० च्या जुडीला २५ म्हणतात, मग "रानातलं तर आहे, फुकटच मिळतं तुम्हाला" असं ऐकवतात. फुकट कुठलं, पहाटे उठून डोंगरात चढायचं, पावसात, विंचू-सापाच्या जागेत, मग खाली उतरून निवडायचं, जुड्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन रोडला यायचं आणि दुपारपर्यंत बसायचं. त्यातल्या एकीने मला एक वाक्य सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात बसलंय, "भट्टीवर शेठ सांगल तो भाव, हितं मी सांगल तो."

आता या वीटभट्टीचा विषय, कारण या स्टॉलबद्दल सगळ्यात जास्त तक्रार हीच ऐकते की "आम्ही जानेवारीत गेलो, कोणीच नव्हतं". नसणारच. भातकापणी झाली, दिवाळी झाली की ही वाडी रिकामी होते. पनवेल, कल्याण, भिवंडी कडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात, नवरा-बायको जोडीने, बरोबर लहान पोरं, कोंबड्या, भांडीकुंडी, आणि परत येतात ते मे महिन्यात. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा भट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोणी आजारपणाला, कोणी लग्नाला, कोणी गणपतीला, तेवढी रक्कम फिटेपर्यंत विटा पाडायच्या. हजार विटांमागे मजुरी, आठवड्याला खर्चीपुरते पैसे आणि बाकी हिशोब शेवटी. वही शेठकडे. हिशोबात कधी थोडे हातात पडतात, कधी उलट अंगावरच निघतात आणि मग पुढच्या वर्षी पण तिथेच. वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६ चा आहे, पण आगाऊ रक्कम आणि शेठच्या हातातली वही यातून माणूस कसा अडकतो हे बघायला फार लांब जावं लागत नाही. काही घरं कोळसा पाडायला जातात, ते तर आणखी लांब.

म्हणून स्टॉलचं कॅलेंडर असं समजा. मे अखेरपासून दसऱ्यापर्यंत फुल, दिवाळीनंतर जवळजवळ बंद, जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीच्या (मडक्यात शेंगा भाजायच्या) दिवसांत एक-दोन म्हाताऱ्या भांबुर्डीचा पाला घेऊन बसतात, एप्रिल-मे मध्ये त्याच म्हाताऱ्या करवंदं, जांभळं, रांजणं, काजूच्या ओल्या बिया घेऊन. या आज्या भट्टीवर जात नाहीत कारण त्यांच्याने विटा उचलवत नाहीत. करवंदं पानाच्या द्रोणात देतात, पिकलेली काळी वेगळी, लोणच्याची हिरवी वेगळी, आणि माल निवडलेला असतो. उन्हाळ्यात हायवेला कर्नाळ्याच्या बाजूला पण अशा बायका रानमेवा घेऊन बसतात, तिथला माल पण चांगला असतो पण ट्रॅफिकमध्ये थांबायला जागा मिळत नाही.

त्या वाडीवर मी एकदा पूर्ण फिरले, स्टॉलवरच्या एका मावशींबरोबर, भर पावसाळ्यात. रोडपासून आत पायवाट, मग ओढा, मग घरं. कुडाच्या भिंती, काहींवर पत्रे, काही ठिकाणी नवीन पक्क्या घरांचं काम चालू. केंद्राची पीएम जनमन योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, देशातल्या ७५ अतिमागास आदिवासी समूहांसाठी, त्यात महाराष्ट्रातले तीन येतात, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घराला २ लाख मिळतात. ज्यांचे कागद होते त्यांची घरं लागली. ज्यांचे नव्हते ते अजून दाखल्यासाठी हेलपाटे घालतायत, आणि कातकऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात अवघड कागद म्हणजे जागेचा, घर तीन पिढ्यांपासून तिथेच आहे पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. रानात दळी (डोंगरउतारावरची शेती) करून नाचणी-वरी लावायची ती जागा फॉरेस्टची. वनहक्क कायदा २००६ चा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर दावा करता येतो, पण दावा करायला पुरावा लागतो आणि जो माणूस अर्धं वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात भट्टीवर असतो त्याच्याकडे पुरावा कुठून येणार. पूर्वी याच लोकांचा खैराच्या लाकडापासून कात काढायचा धंदा होता, इंग्रजांनी जंगलं राखीव केली तिथून तो संपत गेला, वर त्यांना गुन्हेगार जमातीच्या यादीत टाकलं. तेव्हापासून हे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या कामावर.

मला लोकसंख्येचे आकडे बघायची सवय आहे (नोकरीच तशी होती), म्हणून घरी आल्यावर २०११ च्या जनगणनेत ही वाडी शोधली. सापडली नाही. जनगणना महसुली गावाची होते, वाड्या-पाडे त्या गावाच्या एकाच आकड्यात मिसळून जातात. आणि गावपातळीला अनुसूचित जमाती एवढाच रकाना, त्यात कातकरी किती, ठाकर किती, महादेव कोळी किती हे कळत नाही, ते जमातवार फक्त जिल्हा आणि राज्याच्या तक्त्यात. राज्यात कातकरी २००१ ला २,३५,०२२ होते आणि २०११ ला २,८५,३३४. रायगड जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार, त्यात अनुसूचित जमातीचे ३ लाख ५ हजार, म्हणजे शंभरात साडेअकराच्या वर. खाली रत्नागिरीत हेच सव्वा टक्का, सिंधुदुर्गात एक टक्क्याच्या आत. कोकणाबद्दल बोलताना आपण मासेमारी, आंबा, काजू, पर्यटन एवढंच बोलतो पण रायगडमध्ये दर नऊ माणसांमागे एक आदिवासी आहे हे आपल्या बोलण्यात कुठे येत नाही.

आणि यापुढची गोष्ट मला फार खुपते. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारीत वाडीत कोण असतं? म्हातारी माणसं, आणि कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेली शाळेतली पोरं. शिमग्याला दोन-चार दिवस माणसं भट्टीवरून घरी येतात, पण त्या वर्षीची होळी १९ मार्चला होती, मोजणी उरकून गेली होती. नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला त्या घरात धरायचं नाही, तो जिथे राहतोय तिथे धरायचा. म्हणजे या बायका मोजल्या गेल्या असतील तर भिवंडीकडच्या कुठल्यातरी गावात भट्टीच्या झोपडीत, आणि प्रगणक तिथपर्यंत पोचला असेल तरच. वाडीच्या महसुली गावाला मात्र तेवढी माणसं कमी. अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता हे सगळं माणसांच्या आकड्यावर बसवतात, आणि जूनमध्ये वाडी परत भरते तेव्हा एका हातपंपावर सगळी रांग. आता पुढची जनगणना परत तशीच, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, आणि त्या वर्षीची होळी २२ मार्चच्या आसपास. आपल्या ग्रामपंचायतीत ज्यांचं ऐकतात अशा कोणी हे वाचलं तर एवढं करा की भट्ट्यांच्या गावांमध्ये प्रगणक पोचतोय का हे आत्तापासून तहसीलला विचारायला लागा, कारण तेव्हा विचारून उपयोग नाही.

रोजगाराचा रकाना पण असाच. सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, कमी केलं तर सीमांतिक, आणि धंदा एक निवडायचा, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग नाहीतर इतर. ज्या मावशींकडून मी शेवळं घेते त्यांचं वर्ष असं, मे-जूनमध्ये शेवळं आणि पालेभाज्या, जुलैत गावातल्या शेतकऱ्याकडे लावणी, ऑगस्टमध्ये परत रान आणि मुठे, ऑक्टोबरमध्ये कापणी-झोडणी, मध्ये कधी मोळ्या विकणं, दिवाळीनंतर सहा महिने विटा. कुठल्या रकान्यात टाकणार? विटांचे महिने जास्त म्हणून "इतर" मध्ये जाईल. शेवळाची जागा ओळखण्यात, अळंबी पारखण्यात, कुठल्या ओढ्याला कुठल्या पावसात मासा चढतो हे जाणण्यात जी अक्कल आहे तिला रकानाच नाही. यातली तिशीतली एक जण आहे, तिला विचारलं तर रानभाज्यांची पंचवीस-तीस नावं एका दमात सांगते आणि कुठली भाजी कुठल्या दुखण्याला हे पण. तिची मुलगी आश्रमशाळेत सातवीला आहे. भट्टीवर नेत नाही तिला, हे सांगताना तिचा आवाज बदलला होता, शाळा सुटली की पोर विटाच उचलणार हे तिने स्वतःवरून बघितलेलं.

कोणी म्हणेल रोजगार हमी आहे की. आहे, आणि तो कायदा सगळ्यात आधी आपल्याच राज्याने केला, १९७७ ला. २०२५-२६ मध्ये दर दिवसाला ३१२ रुपये होता. पण मजुरी खात्यात येते कामानंतर, कधी किती दिवसांनी ते काम देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि भट्टीवाला पैसे आधी हातात देतो. गणपतीच्या तोंडावर घरात तांदूळ नसला तर माणूस कोणाकडे जाईल? लॉकडाऊनच्या वर्षी सरकारने खावटी (आदिवासी कुटुंबांना द्यायची मदत) परत सुरू केली होती, कुटुंबाला ४००० रुपयांची, निम्मे रोख निम्मा किराणा. वाडीत लोक अजून तिचं नाव काढतात. पावसाळ्यात हातात चार पैसे असले तर भट्टीवाल्याकडून घ्यायची रक्कम तेवढी कमी होते, आणि रक्कम कमी म्हणजे विटा कमी, म्हणजे घरी लवकर. हा हिशोब मला मावशींनीच समजावला. त्या दिवसापासून मी स्टॉलवरून घेताना सुट्टे परत मागत नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक टेम्पोवाला सकाळी सहाला यायचा आणि बहुतेक माल उचलून न्यायचा, शेवळाची जुडी १५ ला. बायका म्हणायच्या निदान बसावं तरी लागत नाही. आता यातल्या चार-पाच जणींनी ठरवलंय की निम्मा माल टेम्पोला, निम्मा स्वतः बसून विकायचा, म्हणून तर हा स्टॉल वाढला. गेल्या पावसाळ्यात अलिबागमधल्या काही घरांनी एकत्र ऑर्डर द्यायला सुरुवात केली, शनिवारी एक जण गाडी घेऊन जातो, दहा-बारा घरांची भाजी आणतो आणि स्टॉलच्याच भावाने पैसे देतो. त्यांच्यातल्या दोघींचं म्हणणं की यंदा भट्टीवाल्याकडून दरवर्षीपेक्षा कमी पैसे उचलले. एवढ्यावरून भट्टी सुटेल असं मी म्हणणार नाही, पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर विकायला आहे काय, पण करवंदाचं लोणचं, सुकवलेली भाजी, भांबुर्डीचा पाला, मध, असं हिवाळा-उन्हाळ्यात पण काही चाललं तर एखाद-दुसरं घर मागे राहू शकतं. मधाची बाटली मी घेतलीये, पातळ आणि जरा आंबूस, सातेरी मधमाशीचा, बाजारातल्या घट्ट गोड मधाची सवय असेल तर आधी चाखून बघा.

आता खटकणाऱ्या गोष्टी, कारण त्या आहेत. वळणावरची जागा धोकादायक आहे, समोरून डंपर येतात, गाडी वळणाच्या पुढे सरळ पट्ट्यात लावून चालत मागे या, मुलांना गाडीतच ठेवा. शेड नाही, पावसात बायका प्लास्टिक पांघरून बसतात आणि भाजी भिजते, भिजलेला टाकळा संध्याकाळपर्यंत काळा पडतो तर त्याच दिवशी करा. बायकांसाठी जवळपास बाथरूमची काहीही सोय नाही, सकाळी सहा ते दुपारी एक त्या तशाच बसतात, ग्रामपंचायतीने एवढ्या वर्षांत चार पत्र्यांची शेड आणि एक शौचालय तरी करायला हवं होतं, शेजारच्याच फाट्यावर स्वागत कमानीला पैसे निघाले. भाजी निवडलेली असली तरी माती असते, तीन पाण्यांनी धुवा. पिशवी घरून न्या, नाहीतर सागाच्या पानात बांधून देतात, ते चालतं पण मुठ्यांसाठी डबा किंवा बादली लागेलच. दोघींकडे घरातल्या पोराच्या नावाचा क्यूआर आहे पण रेंज येत-जात असते, १०-२० च्या नोटा ठेवा, ५०० ची मोड तिथे मिळत नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा, काहींना आवडत नाही, आणि टोपलीचा काढा, माणसांचा कशाला.

मागच्या आठवड्यात एकीने मला पुढचं सांगितलं ते इथे देते म्हणजे कोणाला जायचं असेल तर कळेल. सध्या करटोली भरपूर आहेत आणि अजून महिनाभर मिळतील, भारंगीची फुलं पण यायला लागलीत, त्यांची भाजी पानांपेक्षा मऊ होते, अळंबी पावसाने उघडीप दिली की. शनिवार-रविवारी आठच्या आत पोचा, नऊनंतर चांगला माल उरत नाही. सोमवारी सहसा नसतात. श्रावणात बरेच जण भाजी शोधतात तेव्हा आदल्या दिवशी कोणी त्या रोडने जात असेल तर सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात, आणि ठेवलं की दुसऱ्या कोणी दुप्पट दिले तरी देत नाहीत, म्हणून सांगितलं असेल तर नक्की जा. रेटिंग पाच पैकी पाच, मालाला आणि माणसांना. दिवाळीच्या आधी शेवटचे दोन आठवडे आवर्जून जा, भाजी कमी असते पण काकडी, चिबूड आणि नवीन नाचणी मिळते आणि त्याच दिवसांत भट्टीवाल्याची माणसं आगाऊ पैसे घेऊन वाडीत फिरत असतात.